मुलगी स्केटिंग शिकते आहे, तिला पडायला कसं शिकवायचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी नऊ वर्षांची. नागपूरच्या मामानं दिवाळीत चार चाकांचे स्केट्स आणून दिले. गावाजवळच्या उपबाजारात लिलावाचा सिमेंटचा ओटा आहे, त्यावर ती आपली आपणच शिकते. दोनदा मागे पडली. दुसऱ्यांदा हात टेकला आणि चार दिवस झाले तरी मनगटाची सूज आहे. घरात आजी म्हणते, “पोरीच्या जातीले हे कायले पायजे?” ताईंना मात्र तिचं शिकणं थांबवायचं नाही. न मोडता, न फुटता पडावं कसं, एवढंच त्यांना हवं आहे. आणि जाता जाता त्यांनी हेही विचारलं आहे की छत्तिसाव्या वर्षी आपल्याला जमेल का.

ताई, आधी मनगटाचं. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगा पडतो. तिथे बोटानं हळूच दाबून पाहा. ती कळवळली, किंवा हाताच्या मनगटावरच्या भागात हाडावरच दुखत असेल, तर आज-उद्याच एक्स-रे काढा. चार दिवस टिकलेली सूज ही नुसती मुरगळ आहे असं धरून चालू नका. लहान मुलांचं बहुधा मनगटाच्या वरचं रेडियस हाड वाकतं किंवा चिरतं, आणि हाडाच्या वाढीचा भाग नेमका तिथेच असतो. मोठ्यांत त्या खळग्याखालचं काजूएवढं स्कॅफॉइड हाड मोडतं. त्याला रक्त बोटांकडच्या टोकाकडून येतं, म्हणून मोडलं की जुळायला फार वेळ घेतं, आणि पहिल्या एक्स-रेत चीर पुष्कळदा दिसतही नाही. डॉक्टर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढायला सांगतात ते यासाठीच. दुसऱ्यांदा जायला टाळाटाळ करू नका. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन ओढून-चोळून घेणं तर अजिबात नको. माझं स्वतःचं डावं मनगट मी शिकवायला लागलो त्या पहिल्याच वर्षी असंच गेलं. मुरगळलं असेल म्हणून महिनाभर तेल चोळलं. हाड जुळलंच नाही, शेवटी ऑपरेशन करून स्क्रू बसवावा लागला. त्याला एकवीस वर्षं झाली, अजूनही थंडीत पाण्याची बादली उचलताना ते मला आठवण देतं. त्यानंतर मी एकाही पोराच्या पायाला पडायला शिकवल्याशिवाय चाकं बांधली नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तुमच्या मुलीनं हात टेकला यात तिची चूक काही नाही. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला पोटाशी धरून एकदम पुढे झुकवलं की त्याचे दोन्ही हात पसरून जमिनीकडे जातात. बालरोगतज्ज्ञ ही तपासणी मुद्दाम करतात, पॅराशूट रिफ्लेक्स म्हणतात तिला. एकदा आलेली ही क्रिया जन्मभर राहते. विचार करायच्या आत हात पुढे गेलेला असतो. म्हणून “हात टेकू नको” असं तुम्ही ओट्याखालून शंभरदा ओरडलात तरी उपयोग नाही. हाताला काहीतरी दुसरं काम द्यावं लागतं, आणि ते इतकं घोटून घ्यावं लागतं की तोल जाताच हात त्याच कामाला धावले पाहिजेत.

ते काम म्हणजे आपले गुडघे धरणं. तोल गेला, अंग डोललं, पाय पुढे सटकला, काहीही झालं तरी दोन्ही हात आपल्या दोन्ही गुडघ्यांवर. एवढ्यानं तीन गोष्टी एकदम होतात. हात अडकलेले राहतात. ती आपोआप खाली वाकते. आणि अंगाचा भार टाचांवरून निघून पुढे पंज्यांवर येतो. माझ्याकडच्या नवशिक्या पोरांच्या निम्म्याअधिक पडण्या इथेच टळतात, म्हणजे ती पडतच नाहीत, डुगडुगून सावरतात. उरलेल्या वेळी ती पडतात, पण वाकलेल्या अवस्थेतून पडतात.

वाकलेल्या अवस्थेतून पडण्यात किती फरक आहे बघा. एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू जमिनीवर ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगानं आदळते. चाळीस सेंटिमीटरवरून सुटलेली ताशी १० किलोमीटरनं. आणि दणका वेगावर नाही, वेगाच्या वर्गावर वाढतो. त्यामुळे चाळीस सेंटिमीटरवरून पडताना जमिनीला द्यायची ऊर्जा निम्म्याहूनही कमी असते. म्हणून मी पोरांना सांगतो, पडायच्या आधीच अर्धं खाली जाऊन ठेवा.

इथे आपल्या खेड्यातल्या पोरांची एक मोठी कमाई आहे, जी शहरातून सुट्टीत आलेल्या पोरांकडे मला फार कमी दिसते. आपली पोरं उकिडवी बसू शकतात. निंदण करताना, चुलीपुढे, पारावर, कुठेही टाचा टेकवून तासभर बसतात. घोटा, गुडघा आणि कंबर तिन्ही सांधे पूर्ण मिटणं, हेच तर स्केटिंगच्या पडण्यात लागतं. शहरातल्या पोराला मला आधी पंधरा दिवस बसायला शिकवावं लागतं. तुमच्या मुलीला ते येतं, फक्त स्केट्स बांधल्यावर ती भीतीनं ताठ उभी राहते. मागे पडतात ती ताठ उभी राहणारीच. ताठ झालं की भार टाचेवर जातो, चाकं पुढे पळतात, अंग मागे राहतं. तुमची मुलगी दोन्ही वेळा मागेच पडली, यावरून ती कशी उभी राहत असेल हे मला न पाहताही कळतं.

कबड्डी खेळणाऱ्या पोरींबद्दल एक सांगतो, कारण तुमच्या शाळेतही कबड्डी असेलच. त्या सगळ्यात धीट असतात, पडायला जराही घाबरत नाहीत. पण चढाईत रेषेकडे हात लांबवून झेप घ्यायची सवय त्यांच्या अंगात असते. मातीवर तो हात घसरत जातो म्हणून निभावतं. सिमेंटवर घसरत नाही, तिथेच रुततो आणि मनगटाला सारा भार घ्यावा लागतो. धीट पोरीला या एका सवयीपासून सोडवायला घाबरट पोरीपेक्षा जास्त दिवस लागतात. तिच्यावर रागावू नये, फक्त दिवस जास्त धरावेत.

पडण्याच्या दिशा तीन. पुढे पडणं त्यातल्या त्यात सोपं, पण पॅड असतील तरच. गुडघे धरलेल्या अवस्थेतून एक गुडघा खाली, लगेच दुसरा, मग कोपरं, आणि सगळ्यात शेवटी तळवे. तळवे टेकताना बोटं वर उचललेली, म्हणजे मनगटाच्या गार्डची प्लॅस्टिकची पट्टी जमिनीला लागते आणि अंग पुढे घसरत जातं. घसरणं चांगलं. जितकं लांब घसरेल तितका दणका वाटला जातो. हनुवटी मात्र वर, तोंड जमिनीपासून दूर.

बाजूला पडणं मी सगळ्यांना पहिलं शिकवतो, कारण ते पॅड नसतानाही बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पूर्ण उकिडवं जायचं, हात छातीशी कवटाळायचे, मुठी मिटायच्या, आणि एका कुल्ल्यावर कलायचं. कमरेचं बाजूला टोचणारं हाड असतं त्यावर नाही. त्याच्या मागे मांसल भाग आहे, त्यावर. तिथून मांडी, पाठीची बाजू, खांद्याची मागची बाजू, असं गोल होत जमिनीला लागायचं. कोपर बाहेर राहिलं तर तेच आधी आदळतं, म्हणून कवटाळणं महत्त्वाचं.

मागे पडणं सगळ्यात वाईट. मागे डोकं आहे, माकडहाड आहे आणि डोळे नाहीत. इथे पहिली गोष्ट, हनुवटी छातीला चिकटवायची, जणू लिंबू धरलंय हनुवटीखाली. आखाड्यात चित होताना पहिलवान मान आवळतो तसंच. मान सैल राहिली की अंग थांबल्यावरही डोकं मागे जातं आणि त्याच वेळी आपटतं. दुसरी गोष्ट, शक्य तितकं खाली बसून एका कुल्ल्याकडे वळायचं, म्हणजे मागचं पडणं बाजूचं होतं आणि माकडहाड वाचतं. तिसरी, हात मागे न्यायचेच नाहीत, पोटाशी ठेवायचे. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला, त्यात नव्या शिष्याला डावपेचांच्या आधी पडणं शिकवतात. तिथे मागे पडताना हातानं गादीवर जोरात थाप मारायची असते. ज्युदो शिकलेली काही पोरं तीच थाप सिमेंटवर मारतात. ती गादीसाठी आहे, ओट्यासाठी नाही. हनुवटी आत आणि पाठ गोल, एवढंच तिथून घ्या.

हे सगळं शिकवायचं कुठे? पहिले पाच-सहा दिवस चाकं नकोतच. कुटाराचा ढीग असेल तर त्यावर दुहेरी ताडपत्री टाका, म्हणजे टोचत नाही. नाहीतर अंगणात दोन गाद्या एकावर एक. अनवाणी उभं राहायचं, तुम्ही “पड” म्हणालात की गुडघे धरून बाजूला पडायचं, उठायचं. डावीकडे दहा, उजवीकडे दहा, मागे दहा. तुम्ही कधी म्हणणार हे तिला आधी कळू देऊ नका. चालता चालता, बोलता बोलता मध्येच म्हणा. अचानकपणा अंगात उतरला तरच ओट्यावर कामी येतो.

मग स्केट्स बांधून शेणानं सारवलेल्या अंगणात. तिथे चाकं जेमतेम फिरतात, त्यामुळे उभं राहणं, गुडघे धरणं, पडणं आणि उठणं, चारही गोष्टी न घसरता करता येतात. उठायचं असं: आधी हातापायांवर ओणवं, मग एक पाय पुढे, चाकं जमिनीवर सपाट, दोन्ही हात त्या गुडघ्यावर आणि जोर देऊन वर. पडल्यावर बोटं पसरून बसायची सवय लागू देऊ नका, मागून येणाऱ्याचं चाक बोटांवरून जातं. पडली की पहिलं काम, मुठी मिटणं.

तुम्ही तिचा हात धरून चालवता असं मला वाटतं, कारण सगळे आईबाप तेच करतात. तो सोडा. हात वरून धरला की ती ताठ होते, आणि तोल गेल्यावर तुम्ही दचकून वर ओढता, तेव्हा खांद्याला हिसका बसतो. जवळ उभ्या राहा, बोलत राहा, पण हात लावू नका. आणि पडल्यावर “अगं माय!” असं किंचाळू नका. शांत आवाजात “लागलं का तुले?” एवढंच विचारा. तुमच्या किंचाळण्यानं तिचं अंग पुढच्या वेळी आधीच आवळलेलं असेल, आणि आवळलेलं अंग गोल होत नाही.

आता ओटा. मला त्याची खरी काळजी आहे. एक तर त्याला कठडा नसतो आणि कडेवरून खाली तीन-चार फूट पडायला होतं. कडेपासून दहा फूट आत खडूची रेघ मारा, ती तिची हद्द. दुसरं, हंगामात ओट्यावर काय सांडलेलं असतं ते तुम्हीच जाणता. सोयाबीनचा एक दाणा पुढच्या चाकाखाली आला की चाक जागच्या जागी थांबतं आणि अंग पुढे जातं. सरकीचंही तेच. पोत्याची सुतळी चाकाच्या दांड्याला गुंडाळते. कापसाचे तंतू बेअरिंगमध्ये शिरतात आणि एकच चाक जड होतं, मग स्केट एका बाजूला ओढतो आणि कारण कळत नाही. म्हणून आधी खराट्यानं झाडायचं, मग केरसुणीनं, मग स्वतः पायी एक फेरी. इतकं करूनही दाणा राहतोच, त्यासाठी एक पाय दुसऱ्याच्या अर्धं पाऊल पुढे ठेवून चालवायची सवय लावा. दोन्ही पाय एका ओळीत असले तर दाणा लागताच ती सरळ तोंडावर जाईल. गावातले सिमेंटचे रस्ते गुळगुळीत दिसले तरी त्यांच्या सांध्यांत चाक अडकतं, आणि ट्रॅक्टर आहेतच. तिथे सध्या नको. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आवरा. मे महिन्यात आपल्याकडच्या दुपारच्या डांबरावर किंवा सिमेंटवर तळहात टेकवत नाही, पडली तर खरचटण्याबरोबर भाजेलही.

साधनांत पैसा मर्यादित असेल तर क्रम असा धरा: हेल्मेट, मनगटाचे गार्ड, मग गुडघ्याचे पॅड, मग कोपराचे. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात इनलाइन, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केटिंगच्या दुखापतींचा अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाला इजा होण्याची शक्यता घालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दहापट निघाली. कोपराच्या पॅडबाबतही आकडा साडेनऊपटीच्या आसपास होता. गुडघ्याचा पॅड घरी जुन्या कापडात कापूस भरून शिवता येतो आणि तो बऱ्यापैकी चालतो. मनगटाचा गार्ड मात्र शिवता येत नाही. त्याचं सगळं काम त्या आतल्या कडक पट्टीचं आहे, जी मनगट मागे मोडू देत नाही आणि तळवा घसरवते. कापडाचा पट्टा गुंडाळला तर फक्त धीर येतो. घरातलं मोटारसायकलचं हेल्मेट तिच्या डोक्यावर घालू नका, नऊ वर्षांच्या मानेला ते जड होतं आणि ढिलं बसतं. भुवयांच्या वर दोन बोटं बसेल, पट्टा आणि हनुवटीत दोन बोटं जातील इतकं घट्ट, असं हलकं हेल्मेट घ्या. एकदा जोरात आपटलं की ते बदलायचं. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो, दुसऱ्यांदा तो काही झेलत नाही, बाहेरून कितीही नवं दिसो.

काचेच्या बांगड्या काढूनच ओट्यावर जायचं, हे आजीलाही समजावून सांगा. फुटलेल्या बांगडीची काच मनगटात गेलेली मी दोनदा पाहिली आहे, दोन्ही वेळा सणाच्या दुसऱ्या दिवशी.

खरचटलं तर भरपूर पाणी आणि साबण. हळद, चहापत्ती, चुना काहीही भरू नका, आतली माती तशीच राहते. आपल्याकडे ओट्यावर बैल येतात, शेण असतं, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते तिच्या लसीकरणाच्या कार्डावर बघा. पाच-सहा वर्षांचा डोस आणि त्यानंतर दहाव्या वर्षीचा डोस, दोन्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. जखम खोल किंवा मातीनं भरलेली असेल तर कार्ड घेऊन केंद्रात दाखवाच. डोक्याला मार लागला आणि त्यानंतर ओकारी झाली, गुंगी आली, तेच तेच विचारू लागली, एक डोळा वेगळा दिसला, किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर झोपू देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असो, पाऊस असो, तडक दवाखाना.

आता तुमचं. जमेल, ताई, नक्की जमेल. माझ्याकडे चाळिशीत सुरू केलेल्या तीन बाया आहेत, त्यातल्या एक अंगणवाडीताई आहेत. पण तुमचं पडणं मुलीपेक्षा वेगळं धरायला हवं. तुमची उंची जास्त, वजन जास्त, म्हणजे दणकाही जास्त, आणि हाडं तिच्याइतकी लवचिक नाहीत. मागे पडण्याचा सराव तुम्ही गादीवरच करा, ओट्यावर मुद्दाम करू नका. बाजूचं पडणं घोटून घोटून पक्कं करा. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट तुम्हालाही हवंच. मुलीला घेऊन दिलं आणि स्वतः तसंच उतरलं, असं आया फार करतात. मंगळसूत्र आत खोचून, साडीऐवजी सलवार, ओढणी घरी. लोक बघतात म्हणून संकोच वाटत असेल तर पहाटेची वेळ घ्या, बाजाराचा दिवस सोडून.

तिचं मनगट डॉक्टरांनी बरं म्हटल्याशिवाय स्केट्स बांधू नका. पण हात न वापरता करायचा सराव आजपासून चालू शकतो: अंथरुणावर बसून हनुवटी छातीला लावून पाठ गोल करत मागे लोळणं, आणि दिवसातून पाच वेळा उकिडवं बसून हात न टेकता उठणं. ओट्यावर परत जाल त्या दिवशी पान्यानं दोन्ही स्केट्सच्या चारही चाकांचे नट थोडे आवळून घ्या, इतके की बोटानं फिरवलेलं चाक दोन-तीन फेऱ्यांत थांबेल. वेग आपोआप कमी राहतो. तोल गेल्यावर हात न सांगता गुडघ्यांवर जातात असं सलग तीन दिवस दिसलं की नट पाव फेरी सैल करा. मग पुन्हा तीन दिवस बघा.